वाचली तर आरोपी, मेली तर पीडित : आईच्या हातून मूल जातं तेव्हा

(जळगाव येथे झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी प्रश्नोत्तरांतला निवडक भाग दिला आहे.)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोन-तीन ओळखीच्या लोकांचे फोन आले. "ताई, हा कशाला विषय घेतला? श्रावणात काहीतरी चांगलं बोलायचं." मी म्हटलं, पेपरात ही बातमी आली की आपण ती वाचतोच ना? वाचतो, हळहळतो, शिव्या देतो, शेजारणीला सांगतो. मोबाईलवर तर 'थरारक सत्यघटना' म्हणून अर्ध्या तासाचे व्हिडिओ असतात, मागे भीतीदायक संगीत लावून, आणि तेही आपण बघतो. मग एक दिवस शांतपणे बसून त्यावर बोलायला काय हरकत आहे?

खान्देशात राहणाऱ्या माणसाला या बातमीचा साचा पाठ असतो. विवाहिता, दोन किंवा तीन लेकरं, शेतातली विहीर. मथळा दोन प्रकारचा असतो. ती बाईही गेली असेल तर 'विवाहितेने मुलांसह जीवन संपवले'. ती वाचली आणि लेकरं गेली, तर 'निर्दयी माता', 'आई की वैरीण?' हा 'वैरीण' शब्द आपल्या कानात गीतरामायणापासून बसलेला आहे. भरत कैकेयीला तसं म्हणतो. गंमत बघा, कैकेयीने स्वतःच्या मुलाला मारलं नव्हतं. तिने मागितलं ते मुलासाठीच मागितलं. पण शब्द आपण उचलला आणि आता तो भलत्याच बाईला लावतो.

आता त्या दोन मथळ्यांकडे परत बघा. बाई तीच, विहीर तीच, पहाटेची वेळ तीच. मेली तर ती पीडित. मग नवऱ्यावर, सासरच्यांवर छळाचा आणि आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. वाचली तर ती आरोपी, आणि कलम खुनाचं. तिच्या घरात काय घडत होतं, हे दोन्ही वेळा अगदी सारखंच असू शकतं. पण पहिल्या वेळी ती पोलीस तपासाची सुरुवात ठरते आणि दुसऱ्या वेळी कुणी फारसं विचारतही नाही. कुणाचा दोर वेळेवर पोचला, एवढ्यावर सगळी गोष्ट फिरते. ही विसंगती काय आहे, एवढंच मला आज तुमच्याबरोबर उलगडायचं आहे.

दोन विहिरी, दोन निकाल

कायद्याच्या विद्यार्थ्यांना दोन जुने निकाल एकापाठोपाठ एक शिकवतात. मी पण तसेच शिकले. तेव्हा परीक्षेपुरते शिकले, नंतर वकिली करताना त्यांचा अर्थ कळत गेला.

पहिला निकाल १९४० चा, अलाहाबाद हायकोर्टाचा. आरोपी धिरजिया नावाची खेड्यातली तरुण बाई. नवऱ्याशी भांडण झालेलं, त्याने मारायची धमकी दिलेली. रात्री ती सहा महिन्यांचं लेकरू कडेवर घेऊन घरातून निघाली. माहेरी जायचं होतं. वाटेत पाठीमागे पावलं वाजली. वळून बघते तर नवरा. ती घाबरली, पळाली आणि लेकरासकट विहिरीत उडी टाकली. बाई वाचली, लेकरू गेलं. खालच्या कोर्टाने खून धरला. हायकोर्टाने म्हटलं, नाही. विहिरीत उडी टाकली तर लेकरू मरेल, हे तिला कळायला हवं होतं, हे खरं. पण खुनाच्या व्याख्येच्या त्या भागात 'काहीही सबब नसताना' अशी अट आहे. पाठीमागे नवरा येतोय या भीतीने तिचं भान गेलं होतं, आणि ती सबब आहे. म्हणून खून नाही, सदोष मनुष्यवध. आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हाही कोर्टाने मानला नाही. ती जीव द्यायला निघालीच नव्हती, ती पळत होती.

दुसरा निकाल १९५३ चा, आपल्या शेजारच्या तेव्हाच्या मध्य भारत राज्याच्या हायकोर्टाचा. आरोपी ग्यारसीबाई. घरात नणंदेशी सतत भांडणं. एके दिवशी भांडण झालं, ती तिन्ही लेकरं घेऊन निघाली आणि विहिरीत उडी घेतली. तिन्ही लेकरं गेली, ती वाचली. नणंदेच्या जाचाला कंटाळून केलं, असं तिचं म्हणणं होतं. इथे कोर्टाने म्हटलं, घरातली भांडणं ही 'सबब' होऊ शकत नाही. हा खूनच. पण कोर्टाला ते बोचलंही. शिक्षा कायद्याने ठरलेली होती, कोर्टाला ती कमी करता येईना. म्हणून दया दाखवावी अशी शिफारस न्यायमूर्तींनी सरकारकडे केली.

दोन्ही बाया घर सोडून निघाल्या होत्या, दोघींच्या कडेवर लेकरू होतं. फरक काय, तर एकीच्या पाठीमागे त्या रात्री पावलं वाजत होती. दुसरीच्या पाठीमागे ती कित्येक वर्षं वाजत असतील, पण त्या दिवशी ऐकू आली नाहीत. कायद्याला त्या क्षणाची भीती दिसते. रोजची, झिजवत नेणारी भीती दिसत नाही, किंवा दिसली तरी ती कुठल्या रकान्यात भरायची ते त्याला कळत नाही. मी न्यायाधीशांना दोष देत नाही. त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं त्यांनी केलं. मी एवढंच म्हणते, की 'वैरीण' हा शब्द या दोघींपैकी कुणाला लावायचा, ते मला अजून कळलेलं नाही.

सगळ्या घटना एक नसतात

आता एक मोठी चूक आपण सगळे करतो. 'आईने मूल मारलं' एवढं कळलं, की सगळ्या घटना एकाच पोत्यात भरतो. त्या वेगवेगळ्या आहेत.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ फिलिप रेझ्निक यांनी १९६९ मध्ये आईबापांच्या हातून झालेल्या १३१ मृत्यूंचा अभ्यास मांडला. हेतू बघून त्यांनी पाच गट केले. पहिला गट, मुलाच्या 'भल्यासाठी' मारणारे. म्हणजे 'मी गेल्यावर माझ्या लेकरांचं काय होईल? त्यांना मागे ठेवून कशी जाऊ?' आपल्याकडच्या विहिरीच्या बहुतेक घटना मला या गटातल्या वाटतात. दुसरा गट, तीव्र मानसिक आजारात भान नसताना झालेलं कृत्य. तिसरा, नको असलेलं मूल. चौथा, मारहाणीत किंवा हेळसांडीत मूल दगावणं. आणि पाचवा, जोडीदारावर सूड उगवण्यासाठी. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट वेगळी काढली. जन्मानंतर पहिल्या चोवीस तासांत होणारा मृत्यू हा निराळाच प्रकार आहे. त्यातली आई बहुधा वेडी नसते, क्रूरही नसते. ती लपवत असते.

सगळ्यात जास्त घटना पहिल्या गटात होत्या, हे त्यांचं निरीक्षण. कानाला विचित्र वाटतं ना? 'प्रेमापोटी'! मला तो शब्द वापरायला भीती वाटते. लेकरू कुणाच्या मालकीचं नसतं. आईला आपला जीव नकोसा झाला, म्हणून लेकराचा जीवही तिचा होत नाही. सात वर्षांच्या पोराला विचारलं असतं तर तो 'मला शाळेत जायचंय' म्हणाला असता. पण समजून घ्यायचं तर एवढं कळायला हवं, की त्या बाईच्या डोक्यात तेव्हा द्वेष नसतो. आपल्यामागे या लेकरांना कुणी नाही, याची पक्की खात्री असते. ती खात्री तिला कुणी दिली, हा खरा प्रश्न आहे.

लपवणारी आई आणि उघडलेलं दार

तो चोवीस तासांचा प्रकार आपल्याला नवा नाही. महाराष्ट्राने त्यावर दीडशे वर्षांपूर्वी विचार केला आहे, आणि जगाने हेवा करावा असा केला आहे.

१८६३ च्या सुमाराची गोष्ट. पुण्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. एका शास्त्र्याने तिला फसवलं, ती गरोदर राहिली. गर्भ पाडायचे प्रयत्न झाले, जमले नाहीत. मूल झालं. अब्रूच्या भीतीने तिने ते मारलं. पोलिसांनी पकडलं, खटला झाला आणि तिला जन्मठेप, काळं पाणी झालं. शास्त्र्याचं काय झालं? काही नाही. खटल्यात त्याचं कामच नव्हतं.

त्या काळीही लोक हळहळले असतील, शिव्या दिल्या असतील. जोतीराव फुल्यांनी काय केलं? गोवंड्यांच्या साथीने आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. विधवांनो, इथे या, गुप्तपणे बाळंत व्हा, मूल न्या किंवा इथे ठेवा, अशा अर्थाच्या जाहिराती लावल्या. घर सांभाळलं सावित्रीबाईंनी. १८७४ मध्ये असंच एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं. तो यशवंत, पुढे डॉक्टर झाला.

४ डिसेंबर १८८४ ला सक्तीच्या वैधव्यावर दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी या घराचा हिशोब मांडला आहे. तोवर ३५ विधवा तिथे बाळंत झाल्या, त्यातली पाच मुलं जगली. बाकीची दगावली, कारण गर्भ लपवण्यासाठी आयांनी आधी घेतलेल्या विषारी औषधांनी ती पोटातच खचली होती. हा आकडा मला फार महत्त्वाचा वाटतो. दार उघडलं तरी ३५ पैकी ३० मुलं वाचली नाहीत. पण मारेकरी झाली नाही ती प्रत्येक बाई वाचली. आणि जोतीरावांनी तो आकडा लपवला नाही.

१८७५ मध्ये पंढरपूरलाही असंच काम सुरू झालं, प्रार्थना समाजाच्या मंडळींचं. वारीच्या गावात टाकून दिलेली लेकरं सापडत. तिथला बालकाश्रम पुढे पिढ्यान्‌पिढ्या चालला.

आता आपल्या जवळ या. १८८१, सुरत. आपली तापी भुसावळवरून निघून जिथे समुद्राला मिळते, ते सुरत. विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर बालहत्येचा खटला झाला. कारण तेच, अब्रू. कोर्टाने फाशी सुनावली, पुढे ती रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तेव्हाच्या पेपरांनी यावर रकानेच्या रकाने लिहिले. पुणेवैभवसारख्या पत्रांतून बायकांच्या बिघडलेल्या नीतीवर ताशेरे आले. म्हणजे तेव्हाची 'थरारक सत्यघटना' म्हणा.

या सगळ्याला उत्तर कुठून आलं? आपल्या मुक्ताईनगरच्या पलीकडे, बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे. वडील सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक. ताराबाईंनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिलं, १८८२ मध्ये पुण्यात छापलं गेलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. त्यांनी प्रश्न उलटा केला. बाईत काय वाईट आहे ते सांगताय, पण तेच तुमच्यात नाही का? तिला फसवणारा कोण, तिला पुन्हा लग्न नाकारणारा कोण, आणि शिक्षा ठोठावणारा कोण? हे पुस्तक लोकांना झोंबलं. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला माहीत नाही. त्यांच्या बाजूने जाहीरपणे उभे राहिले ते पुन्हा जोतीराव.

काशीबाईच्या वेळी एका माणसाने दार उघडलं. विजयालक्ष्मीच्या वेळी एका बाईने प्रश्न विचारला. बाकी सगळ्यांनी फक्त बातमी वाचली. आपण कुठल्या रांगेत आहोत ते आपणच बघायचं.

आज ते दार कायद्यात आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे मूल सांभाळणं शक्य नसेल तर आई ते बालकल्याण समितीकडे सोपवू शकते. रीतसर कागद होतो, समुपदेशन होतं आणि फेरविचाराला दोन महिने मिळतात. असं सोपवणं म्हणजे टाकून देणं नव्हे, तो गुन्हा नाही. प्रत्येक जिल्ह्यासाठी अशी समिती असते. पण शेतमजूर मुलगी, ऊसतोडीला गेलेली, कॉलेजातली, हिला हे कोण सांगणार? दार आहे, पाटी नाही. जोतीरावांनी पाटी लावली होती.

सव्वा महिन्याच्या खोलीत

आता आजाराकडे येते. बाळंतपणानंतर चार-आठ दिवस रडू येणं, चिडचिड होणं, हे बहुतेक बायांना होतं आणि आपोआप जातं. त्याच्या पुढचं नैराश्य मात्र आजार आहे. भारतातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. त्यात हे प्रमाण सुमारे २२ टक्के निघालं. म्हणजे जवळपास दर पाच बाळंतिणींत एक. या बहुतेक आया लेकरांना कधीही इजा करत नाहीत, हे नीट लक्षात ठेवा. त्या स्वतः खंगतात.

तिसरा प्रकार दुर्मीळ पण धोक्याचा. हजार बाळंतिणींत एक-दोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, एकदम. तिला झोप येत नाही, म्हणजे बाळ झोपलं तरी, कुणी बाळ घेतलं तरी. ती असंबद्ध बोलते, संशय घेते, कुणाचे तरी आवाज ऐकते. 'हे माझं बाळ नाही, बदललंय', 'याच्यात काहीतरी शिरलंय', 'देवाने मला हुकूम दिलाय' असं म्हणते. मध्येच अगदी ठीक वाटते, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. ही तातडीची वेळ आहे, फीट आल्यावर किंवा रक्तस्राव झाल्यावर असते तशी. औषधाने ती बरी होते.

आपल्याकडे काय होतं? बाज, शेक, धुरी, सव्वा महिना खोलीत. काळजी खूप, पण सगळी बाळाची आणि दुधाची. ती विचित्र बोलायला लागली की 'बाहेरचं झालं' म्हणतात, अंगारा लावतात, भगताकडे नेतात. श्रद्धेबद्दल मी इथे बोलत नाही, मी वकील म्हणून बोलते. भगताकडे केस-पेपर नसतो! पुढे अनर्थ झाला आणि ती आरोपी झाली, तर कृत्याच्या वेळी तिला भान नव्हतं हे दाखवण्याची जबाबदारी तिच्यावरच येते. जुनं कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचं कलम २२. सुप्रीम कोर्टाने १९६४ मध्येच सांगितलंय की हा पुरावा दिवाणी खटल्याइतपत, म्हणजे शक्यतेचं पारडं झुकवणारा असला तरी चालतो. पण काहीतरी हवं ना? डॉक्टरांची एक चिठ्ठी, एक तारीख. वेळेत दाखवलं असतं तर लेकरू वाचलं असतं. ते नाही झालं, तर निदान तो कागद आईला वाचवू शकला असता. आपण दोन्ही घालवतो.

इंग्लंडने १९२२ मध्ये यासाठी वेगळा कायदा केला, १९३८ मध्ये तो सुधारला. बाळंतपणाच्या परिणामाने मनाचा तोल ढळलेल्या आईकडून एक वर्षाच्या आतलं मूल गेलं, तर तो खून न धरता कमी प्रतीचा गुन्हा धरायचा. तेव्हा आपल्यावर राज्य त्यांचंच होतं, पण तो कायदा इकडे आला नाही. आपली दंडसंहिता १८६० ची. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यातही ही तरतूद नाही. आपल्याकडे दोनच टोकं आहेत, पूर्ण वेडी नाहीतर खुनी. मधली, झोप उडालेली, खचलेली, अर्धवट भानावरची आई आपल्या कायद्याला ओळखता येत नाही.

घरातल्या सगळ्यांचा हिशोब

एक आकडा जळगावकरांना दाखवते. २००१ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे ८८० मुली होत्या. २०११ मध्ये हा आकडा ८५० च्याही खाली गेला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ चा, म्हणजे कायदा असताना. गर्भ आणि जन्मलेलं मूल कायद्यात एक नाही, ते मी एक करत नाही. पण त्या न जन्मलेल्या मुलींच्या मागे नवरा होता, सासू होती, मशीनवाला होता, पैसे होते. सगळे मिळून ठरवतात तेव्हा मथळा येत नाही. बाई एकटी विहिरीवर जाते तेव्हाच आपल्याला वैरीण दिसते.

आणि याच जिल्ह्यातलं अमळनेर. साने गुरुजी तिथे मास्तर होते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. ते पुस्तक आपल्या सगळ्यांचं आहे, माझंही. पण आपण त्यातून सोयीचा अर्थ काढला, की आई म्हणजे कधी न थकणारी, कधी न संपणारी. पुस्तकातली आई तर थकते, आजारी पडते, गरिबीने पिचते. ते आपण विसरलो. जी आई थकू शकत नाही, तिला 'मला मदत करा' असं म्हणताही येत नाही.

बातमी कशी वाचायची

तेव्हा पुढच्या वेळी अशी बातमी आली की एवढं करा. आधी विचारा, लेकरू केवढं होतं? एका दिवसाचं, एका महिन्याचं की सात वर्षांचं? त्यावरून निम्मी गोष्ट कळते. मग विचारा, ती त्याआधी कुठे-कुठे गेली होती? माहेरी? पोलीस पाटलाकडे? दवाखान्यात? तिथून तिला परत कुणी पाठवलं? बाप कुठे होता? बातमीत तो आहे का, की नावापुरता? आणि मेलेल्या लेकराचं नाव, फोटो पुढे पाठवू नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : ताई, तुमचं ऐकून वाटतं की तुम्ही त्यांना माफ करताय. त्या लेकरांची बाजू कोण घेणार?

बरोबर विचारलंत. मी माफ करणारी कोण? ज्याला माफ करायचा हक्क होता, तो गेला. आणि सगळ्याच घटना विहिरीच्या नसतात. काही घटनांत लेकराला महिनोन्‌महिने मारलेलं असतं, उपाशी ठेवलेलं असतं. काही वेळा नवऱ्याला धडा शिकवायला मूल मारलं जातं. तिथे शिक्षा व्हायलाच हवी. पण तिथेही शेजाऱ्यांनी रडणं ऐकलेलं असतं हो. १०९८ ला फोन करायला कुणी अडवलं नव्हतं. लेकराची बाजू घ्यायची तर ते जिवंत असताना घ्यावी लागते. मेल्यावर आपण घेतो तो फक्त राग.

प्रश्न : बापही मारतात ना? मग आईवरच एवढं का?

मारतात. पहिल्या दिवसाचे मृत्यू जवळजवळ नेहमी आईच्या हातून होतात, पण मोठ्या मुलांच्या बाबतीत बापांचा वाटा मोठा आहे. तरी 'बाप की वैरी?' असा मथळा तुम्ही कधी वाचलाय? बापाचं कारण लगेच छापतात, कर्ज होतं, दारू होती. आईचं कारण शोधायच्या आधी तिचं आईपण काढून घेतात. मला वाटतं दोघांचीही कारणं छापावीत.

प्रश्न : मी आशा आहे, धुळे तालुक्यात. आम्ही काय करू शकतो?

तुम्ही सगळ्यात जास्त करू शकता. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बेचाळीस दिवसांत तुमच्या सहा भेटी असतात. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा. तो आजार सुरू होतो ते दिवस नेमके यातच येतात. तुम्ही बाळाचं वजन घेता, ताप बघता. त्याच वेळी सासूला पाणी आणायला पाठवा आणि बाळंतिणीला दोन प्रश्न विचारा. बाळ झोपतं तेव्हा तुला झोप येते का? मनात भीतीचे काही विचार येतात का, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल? विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट बाहेर पडतात. उत्तर बरं नसेल तर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

प्रश्न : आणि जी वाचली, तिचं पुढे काय?

हे कुणी विचारत नाही म्हणून बरं वाटलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावात होती असं धरून चाला, आणि सरकारने तिची काळजी घ्यावी. पण लेकरू गेलेलं असेल तर खुनाचा खटला उरतोच. ती तुरुंगात जाते. काही महिन्यांनी औषधाने किंवा वेळेने भानावर येते, आणि आपण काय केलं ते तिला तेव्हा कळतं. कुठल्याही कोर्टाला याहून मोठी शिक्षा देता येत नाही. तिला भेटायला बहुधा कुणी येत नाही. माहेरचंही नाही. वकील तेवढा येतो, तारखेला.

काशीबाईला काळ्या पाण्यावर कुणी भेटायला गेलं असेल असं मला वाटत नाही. पण तिच्यामुळे एक दार उघडलं गेलं, आणि तिच्यामागून आलेल्या ३५ जणींना तिच्या वाटेने जावं लागलं नाही. आपल्या विहिरीत गेलेल्या बायांमुळे आपण अजून एकही दार उघडलेलं नाही. घरी जाताना एवढा विचार करा, की तुमच्या गल्लीत, तुमच्या मळ्यात, रात्री लेकरू कडेवर घेऊन निघालेल्या बाईने कुणाची कडी वाजवायची? ते घर तुमचं असेल, तर तिला आधीच कळू द्या.